पाचव्या खुंटीचा पाझर

क्लिफर्ड हॉलरॉइडला आमच्या गावात ‘विनीचा लाकूडतोड्या’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तो हसून सोडून द्यायचा. राग यायचा तो मला. मी मुळातच तापट. बेरिल, माझी बायको, म्हणते की मी उकळत्या किटलीवरसुद्धा खेकसतो. पण या रागाचं कारण वेगळं होतं. क्लिफ दर शनिवारी विनी टेनंटच्या परसात लाकडं का फोडतो, हे गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरा मी.

आम्ही दोघे कालव्यावर पाटकरी होतो. यॉर्कशायरातला हा कालवा दोनशे वर्षांचा, घोडे बोटी ओढायचे तेव्हाचा. पुलांच्या दगडांवर दोरखंडांच्या खाचा अजून आहेत. प्रत्येक पाटकऱ्याकडे पाच मैलांचा तुकडा. घोड्यांच्या त्या वाटेनं रोज सायकलवरून जायचं, लॉकचे, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कोठ्यांचे, दरवाजे बघायचे, पाणी किती चढलं-उतरलं ते बघायचं. जिथे कालवा शेतांच्या वरून मातीच्या भरावावर जातो, तिथे सायकल टाकून उताराच्या बाहेरच्या अंगाला उतरायचं आणि पाझर तपासायचे. पाझर असायचेच, इतकी जुनी माती म्हटल्यावर. प्रत्येक पाझरापाशी एक खुंटी ठोकलेली, तिच्यावर नंबर. जॅमच्या रिकाम्या बाटलीत ते पाणी धरायचं, एक सिगरेट संपेपर्यंत बाटली दगडावर ठेवायची, मग उजेडासमोर धरून बघायची. तळ स्वच्छ असला तर पाझर जुना, काळजी नाही. तळाशी माती बसली, तर पाणी भराव आतून खातंय, सगळं टाकून ऑफिसला फोन करायचा. आमच्या कामातली अक्कल म्हणाल तर एवढीच होती.

क्लिफला ती माझ्यापेक्षा जास्त होती. हडकुळा, लांब मानेचा, बिनलग्नाचा माणूस. गावाच्या वरच्या टोकाला एका खोलीत राहायचा आणि थंडीतही खिडकी उघडी टाकून झोपायचा. का, तर सांडव्याचा आवाज ऐकू यायला हवा. आवाज बदलला की हा उठून कपडे चढवणार. साहेब लोकांनी त्याचं कधी कौतुक केलं नाही, आणि त्यानंही कधी मागितलं नाही. बोलायचा कमी. बगळे मोजायचा. कुणाच्या लग्नाला, बारशाला गेला तर दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा आणि केक कापायच्या आत निघायचा.

निवृत्त झाल्यावरही दर सप्टेंबरात आम्ही एक दिवस सायकली काढायचो. काम नाही, घाई नाही, जुन्या वाटेनं रमतगमत जायचं, दुपारी एक पाइंट बिअर प्यायची आणि संध्याकाळच्या आत घरी. चार वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात तसेच निघालो. तो चौऱ्याहत्तरचा, मी एकाहत्तरचा. त्याच्याकडे ऑफिसनं दिलेली तीच काळी तीन गिअरची सायकल. माझ्या मुलीनं, शीलानं, मला बॅटरीवाली घेऊन दिली होती.

“हिला औषधपाणी किती वेळा द्यावं लागतं रे?” क्लिफनं विचारलं.

“तुझ्या गुडघ्यांपेक्षा कमी.”

“बॅटरीवर चालते तिला सायकल म्हणायचं, तर मला पोप म्हण.”

“पोप महाराज, चेनला तेल घाला. आख्ख्या दरीला जाग येईल.”

हवा छान होती. पाण्यावर पहिली पिवळी पानं आली होती. सुट्टीवर आलेली माणसं भाड्याच्या लांबोडक्या बोटी घेऊन चालली होती. एका बोटीच्या टपावर बाई कपडे वाळत घालत होती. तिनं हात केला, आम्ही केला. दोन लॉक ओलांडले. तिसऱ्यापाशी एक तरुण जोडपं दरवाजा उलटा ढकलत होतं. मी त्यांच्यावर खेकसायच्या आत क्लिफनं सायकल लावली, दरवाजाच्या दांड्याला पाठ टेकवली आणि तो उघडून दिला. मुलगी थँक्यू म्हणाली. क्लिफनं टोपीला हात लावला.

तिथल्याच बाकावर आम्ही डबा सोडला. बेरिलनं चीज आणि लोणच्याचे सँडविच दिले होते, आल्याचा केकही होता. क्लिफनं सँडविच हातातच धरून ठेवला.

“लेन, विनी सोमवारी चाललीय.”

“ऐकलं मी. हल शहरात, मुलीकडे.”

“मुलीच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. परत नाही यायची. आज तिच्याकडे जाऊ या.”

“जाऊ की. निरोप घेऊ.”

“निरोप नाही. मी तिला सांगणार आहे.”

काय सांगणार, हे मी विचारलं नाही. मी डब्याचं झाकण लावलं. चौतीस वर्षं जे आम्ही तोंडातून काढलं नव्हतं, ते हा माणूस एका बाईच्या दारात जाऊन काढणार होता. आणि ती बाई म्हणजे राल्फ टेनंटची विधवा.

आता तेही सांगून टाकतो. त्याच्या चौतीस वर्षं आधी जुलैत, एका शनिवारी, माझ्या शीलाचं लग्न होतं. सुट्टी मागितली तर साहेब नाही म्हणाला, मोसम बोटींचा होता. तेव्हा आम्ही केलं ते सगळे पाटकरी करायचे. अदलाबदल. माझा तुकडा त्या दिवशी क्लिफनं बघायचा, मग कधीतरी त्याचा मी. ऑफिसला पत्ता लागू द्यायचा नाही. लागला तर दोघांची नोकरी जायची. पण कुणाचं बारसं, कुणाचं मयत, कुणाचं लग्न, असं करूनच उरकायचो. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

माझ्या तुकड्यात टेनंटांच्या घरावरचा मोठा भराव होता. पाचव्या खुंटीचा पाझर तिथला. चार वाजता चर्चच्या हॉलमध्ये फोन वाजला आणि कुणीतरी मला बोलावलं. मी कोट काढला होता, हातात ग्लास होता, आत बँड लागला होता. फोनवर क्लिफ होता, पुलाजवळच्या टेलिफोनच्या खोक्यातून.

“लेन, पाचव्याचं पाणी गढूळ आहे. दोनदा भरली बाटली. दोन्ही वेळा माती बसली. ऑफिसला कळवू?”

मी म्हटलं, “अरे गायी आहेत. वरच्या कुरणातल्या गायी बांध तुडवतात, त्याचा तो चिखल. मी दर आठवड्याला बघतो.”

“हे वेगळं वाटतंय मला.”

“क्लिफ, तू कळवलंस की ते विचारणार, लेन ब्रॉडबेंट कुठाय? मग आज माझ्या पोरीच्या लग्नातून मला उचलून नेतील. आणि सोमवारी दोघे घरी बसू. राहू दे. उद्या सकाळी मी स्वतः बघतो.”

त्याच्या मागून बोटीच्या इंजिनाचा आवाज येत होता.

“तुझा तुकडा आहे. तू म्हणतोस तर ठीक,” तो म्हणाला.

मी आत जाऊन नाचलो.

आमच्या कामात हे एक होतं. ज्याचा तुकडा, त्याचा शब्द. बाहेरच्यानं कितीही डोळे फोडून बघितलं तरी त्या पाझराला ओळखणारा मीच, असं मी मानायचो आणि क्लिफही मानायचा. खरं तर मी ती बाटली महिनाभर भरलीच नव्हती. गायी होत्या हे खरं. म्हणून मी गायींवर ढकलून पुढे जात होतो. हे क्लिफला आजवर सांगितलं नव्हतं. इथे पहिल्यांदा लिहितोय.

रविवारी पहाटे साडेपाचला राल्फ टेनंट कोंबड्या सोडायला खालच्या शेतात गेला आणि भराव फुटला. चाळीस फुटांचं भगदाड. सहा मैलांचं पाणी त्या एका शेतातून गेलं. घर शेतापेक्षा उंचावर होतं म्हणून विनी वाचली. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. राल्फ दोन दिवसांनी सापडला, दोन शेतं पलीकडे, कुंपणाच्या काटेरी झुडपात. त्याला बाहेर काढणाऱ्यांत मी होतो, क्लिफही होता. तोंडात, नाकात, कानात माती गेली होती. क्लिफनं स्वतःच्या रुमालानं ती पुसली.

अदलाबदल लपणं शक्य नव्हतं, लग्नात माझे शंभर फोटो निघाले होते. तेव्हा चौकशीत क्लिफला उभं केलं. शनिवारी पाणी कसं होतं? क्लिफ म्हणाला, स्वच्छ होतं. बाटली भरली होती? भरली होती, स्वच्छ होती. फोनचं नावही त्यानं काढलं नाही. शेवटी कागदावर आलं की बिज्जूंनी बिळं करून भराव पोखरला, दोष कुणाचा नाही. अदलाबदलीबद्दल आम्हाला ताकीद मिळाली, तीही सौम्य. बाहेर आल्यावर मी त्याला काहीतरी म्हणायला गेलो, तर तो म्हणाला, “शीला मधुचंद्राहून आली का?” आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी तो कुऱ्हाड घेऊन विनीच्या परसात गेला.

“तू सांगून काय होणार?” बाकावर मी त्याला म्हटलं. माझा आवाज चढला होता. “ऐंशी ओलांडलीय तिनं. चार दिवस सुखानं जगू दे. राल्फ परत येणार आहे का?”

“नाही.”

“मग? तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिच्या डोक्यावर दगड ठेवणार? स्वार्थी आहेस तू, क्लिफ.”

“असेन. पण मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, क्लिफर्ड, तुझ्यासारखा माणूस देवानं माझ्यासाठी ठेवला. माझे हात धरून म्हणाली. ते मला नाही रे सोसत. चांगला माणूस समजून ती कुणाचा निरोप घेतेय, हे तिला कळायला नको?”

“आणि माझं काय?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“तुझं तू बघ. मी माझं सांगणार,” तो म्हणाला, आणि त्यानं सँडविच खायला घेतला.

पुढे सहा मैल जायचं होतं. मी बॅटरी जोरात लावून पुढे जायचो आणि मग थांबून त्याची वाट बघायचो. वाटेत नेहमीचा पब आला. मी म्हटलं थांबू, तो म्हणाला येताना. माझ्या मनात किती काय आलं. सायकल पंक्चर करावी. छातीत दुखतंय म्हणावं. एकाहत्तर वर्षांचा माणूस मी, आणि शाळा चुकवणाऱ्या पोरासारखी कारणं शोधत होतो. लाज वाटत होती, तरी शोधत होतो.

भरावाखालच्या घरात सगळी खोकी बांधलेली होती. भिंतीवरच्या चित्रांच्या जागी फिकट चौकोन होते. विनी लहानखुरी झाली होती, पण ताठ. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला.

“या, दोघे चोर एकदम. कप दोनच बाहेर आहेत, बाकी बांधले. मी मापाच्या भांड्यातून पिते.”

तिनं चहा ओतला. माझ्यासमोर बिस्किटं ठेवली. क्लिफ बसला नाही. टोपी हातात घेऊन चुलीपाशी उभा राहिला, तिथे त्यानंच आणलेली लाकडं रचलेली होती.

“बस ना रे. आज काही फोडायचं नाही,” विनी म्हणाली.

“विनी, राल्फ गेला त्याच्या आदल्या दिवशी पाझराचं पाणी गढूळ होतं.”

ती मापाच्या भांड्यात साखर ढवळत होती. तिचा हात थांबला.

“मी बाटली भरून बघितली होती. दोनदा. माती बसली होती. चौकशीत मी स्वच्छ म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.”

भरावाखाली जन्म गेलेल्या बाईला गढूळ म्हणजे काय हे समजवायची गरज नव्हती. तिनं चमचा बाहेर काढून ठेवला. मग तिनं विचारलं.

“किती वाजता बघितलंस?”

“चारला. संध्याकाळी चारला.”

“म्हणजे रात्रभर वेळ होता.”

“होता.”

“त्या दिवशी माझी बहीण येऊन म्हणत होती, राहायला चला. राल्फ म्हणाला, कोंबड्या कोण बघणार. तू नुसतं दार वाजवलं असतंस, क्लिफर्ड. आम्ही गेलो असतो.”

“हो.”

“कळवलं का नाहीस?”

मी कपाकडे बघत होतो. कपावर एक निळं फूल होतं आणि त्याची एक पाकळी उडालेली होती. मला वाटलं, आता. आता हा तोंड उघडणार.

“मला वाटलं, सकाळपर्यंत टिकेल,” क्लिफ म्हणाला. “चुकलो.”

“आणि चौतीस वर्षं माझी लाकडं फोडलीस.”

“हो.”

“मी तुझ्यासाठी प्रार्थना करायची रे. रोज.”

क्लिफची मान खाली गेली. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. तिचे डोळे कोरडे होते आणि मला ते बघवेनात.

“लेन, तुला ठाऊक होतं हे?”

आता तरी. क्लिफ माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं मुद्दामच बघितलं नाही, माझ्यावर कसला दाब नको म्हणून. मला तो पुरा मोकळा सोडून उभा होता.

“नाही, विनी,” मी म्हटलं.

“मला वाटलंच. तू लग्नात होतास,” ती म्हणाली आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मग क्लिफला म्हणाली, “तू जा आता. माझ्या घरातून जा.”

तो गेला. दार त्यानं आवाज न करता ओढून घेतलं. मीही उठलो, तर विनीनं माझी बाही धरली. “तू बस. तुझा चहा राहिलाय. मला जरा वेळ कुणीतरी हवंय.”

मी बसलो. मी तो चहा प्यालो, बिस्किटंही खाल्ली. ती राल्फबद्दल बोलत राहिली, त्याच्या कोंबड्यांबद्दल, शीलाच्या लग्नात त्यांना यायचं होतं आणि गाडी बिघडली त्याबद्दल. खिडकीतून फाटक दिसत होतं. क्लिफ तिथे दोन्ही हातांत दोन सायकली धरून उभा होता, माझी आणि त्याची. सारखा वारा सुटत होता आणि माझी जड सायकल त्याला आवरत नव्हती. निघताना विनीनं माझ्या गालाचा मुका घेतला. म्हणाली, “तू तरी खरा निघालास.”

आम्ही सायकली ढकलत भरावावर चढलो. फुटलेल्या जागेवर नवी माती घालून आता किती वर्षं झाली, गवतही बाकीच्यासारखंच आहे, पण आम्हा दोघांना नेमकी जागा कळते. क्लिफ तिथे थांबला. धाप लागली होती त्याला. कालव्यातून एक बोट गेली, टपावर एक कुत्रं झोपलेलं होतं.

“मी सांगायला हवं होतं,” मी म्हटलं. “क्लिफ, मी नीच आहे.”

“असं काही म्हणू नको.”

“तू फोनचं का नाही सांगितलंस? निदान ते तरी. ती तुझ्यावर थुंकली नाही इतकंच.”

“फोनवरचा शब्द तुझा होता. तो तू सांगायचा.” तो खाली बघत होता, धुराडं असलेल्या त्या छपराकडे. “तिचं दार दिसतंय की अजून. सोमवारपर्यंत ती इथेच आहे. आत्ता जाऊन ये. उतार आहे, पाच मिनिटं लागतील. मी थांबतो सायकलीपाशी.”

दार दिसत होतं. फाटकही उघडंच राहिलं होतं. मी सायकलचं हँडल घट्ट धरलं, चाकं वाटेवर सरळ केली आणि बॅटरी चालू केली.

“निघू या,” मी म्हटलं. “अंधार पडायच्या आत घरी पोचायला हवं.”

 क्लिफनं टोपी डोक्यावर घातली आणि माझ्या मागून निघाला. दुपारचे साडेतीन वाजले होते.